आल्याला तिखटपणा लाभला त्याची कथा

त्रेतायुगाच्या आरंभी, मानवांना व्याधी नुकत्या कुठे जडू लागल्या होत्या, तेव्हा विंध्याच्या पायथ्याशी, पयोष्णीच्या तीरी, हारिद्रव नावाचे वैद्यविद्यानिपुण ऋषी राहत असत. त्यांच्या आश्रमातल्या सावलीच्या वाफ्यांत आले वाढे. तेव्हा ते जिभेला गुळमट लागे. पोटात गेल्यावर मात्र अग्नीसारखे चेते. भूक मेलेली असो, कफ असो की मळमळ, ऋषी आलेच देत, पण त्याआधी प्रत्येकाला विचारीत, "शरीरातून कोठे रक्त पडते काय? अंगाचा दाह होतो काय?" राजा आला तरी त्याची यातून सुटका नसे.

एका आश्विनात, शरदाचे ऊन रणरणत असताना, त्यांची एकुलती एक कन्या कुमुद्वती सासरहून आली. तिला अन्न नकोसे झाले होते, सारखे मळमळत होते. ऋषी झाले तरी बापच ते, जीव गलबलला. त्यांनी लगबगीने आले ठेचून भांडेभर रस काढला.

"गुरुदेव, ते दोन प्रश्न राहिले," ज्येष्ठ शिष्य सुतपा म्हणाला.

"जिला मांडीवर वाढवली, तिला परक्यासारखे काय विचारू?"

काय म्हणावे याला! साऱ्या जगाला विचारणारा माणूस घरच्या माणसापाशी चुकला. कुमुद्वती विश्वासाने रस प्यायली. सूर्यास्ताच्या सुमारास तिला रक्ताची उलटी झाली, आणि मग ती थांबेचना.

"तात, आठ दिवस हिरड्यांतून, नाकातून रक्त जात होते," ती क्षीण स्वरात म्हणाली. "तुम्हांला घोर नको म्हणून बोलले नाही. विचारले असतेत, तर सांगितले असते."

बापाच्या मांडीवरच तिने प्राण सोडला.

चिता विझल्यावर ऋषींनी वाफ्यापाशी उभे राहून शापोदक हाती घेतले. तोच वनस्पतींचा स्वामी सोम प्रकट झाला. "महर्षे, सहस्रावधी रोगी ज्याने उठवले, त्या कंदाला शाप देतोस? दाह हा त्याचा धर्मच आहे. तो तुला ठाऊक होता."

ऋषींच्या ओंजळीतले पाणी गळून गेले. "होय, देवा. चूक माझीच. मग एवढा वर द्या: याचा दाह पोटात शिरण्याआधी जिभेला कळो. देणारा आणि घेणारा, दोघेही क्षणभर थांबोत."

"तथास्तु. तुझी कन्या मात्र परत यायची नाही."

तेव्हापासून आले तिखट झाले, आणि रक्त पडणाऱ्याला ते देताना शहाणा वैद्य हात आखडता घेतो, असे सांगतात. त्या तिखट आल्याचा पहिला तुकडा हारिद्रवांनी स्वतःच्या जिभेवर ठेवला. झणका मस्तकात गेला, डोळे भरून आले, आणि चितेपाशीही न रडलेला तो बाप लेकीचे नाव घेत ओक्साबोक्शी रडू लागला.