पिंगीचं घर

कड्यावरच्या त्या पोळ्यात मधाला तोटा नव्हता, जागेला होता. तरीही एक जुनी रीत सगळ्या पाळत. वेशीवर लढताना पडलेल्या पहारेकरणीचं घर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. रानातून परतलेल्या प्रत्येक माशीनं पहिला थेंब तिथं ठेवायचा, मगच कोठाराकडे वळायचं.

गेल्या उन्हाळ्यात अस्वल आलं, तेव्हा चाळीस पहारेकरणी त्याच्यावर तुटून पडल्या. अस्वलाच्या कातड्यात नांगी रुतली की माशी परत येत नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! घुमरीची धाकटी बहीण पिंगी त्यांत सर्वांत पुढं होती. घुमरी रोज तिच्या घरी थेंब न्यायची. बाकीच्या मात्र हळूहळू थेट कोठाराकडे जाऊ लागल्या.

मग ढेरूनं सभा भरवली. ढेरू म्हणजे नरांचा म्होरक्या. नरांना नांगी नसते, कामधंदाही नसतो. पण बोलायला कोण अडवतं?

"चाळीस घरं ओस पडलीत," तो गरजला. "ती पाडू आणि त्या मेणाचा वेशीवर पहारेकरणीचा पुतळा उभारू. असा भव्य, की बघतच राहावं!"

"आणि थेंब कुठं ठेवायचा?" घुमरीनं विचारलं.

"पुतळा झाल्यावर थेंब कशाला लागतो, मावशी?"

दुसऱ्या सकाळी घरं पाडणाऱ्या आल्या. घुमरी पिंगीच्या दारात आडवी बसली. "आधी मला तोडा," ती म्हणाली. इतक्यात वेशीवरून हाळी आली, "अस्वल! अस्वल आलं!"

पहारेकरणी धावल्या. त्यांतली एक घुमरीपाशी क्षणभर थबकली.

"मावशी, माझं घर राहील ना गं?"

"मी आहे तोवर त्याला हात लावायची कुणाच्या बापाची टाप नाही. जा तू!"

ती ताठ मानेनं वेशीवर गेली.

अस्वलानं तोंड वर केलं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर काळे ठिपके होते, गेल्या साली रुतलेल्या नांग्यांचे. वेशीवरची गुणगुण कानी पडताच त्यानं नाक पंजात दडवलं आणि ते आलं तसं माघारी फिरलं. कुणाला नांगी उगारावीही लागली नाही.

घुमरीनं ते ठिपके पाहिले आणि तिला रडूच फुटलं. "पिंगे, अजून पहाऱ्यावर आहेस होय गं!"

त्या दिवशी एकही माशी थेट कोठाराकडे गेली नाही. चाळीस घरांपुढं रांगा लागल्या. पिंगीच्या दारातल्या रांगेत सगळ्यांत शेवटी ढेरू उभा होता. त्यानं जन्मात कधी थेंब वाहिला नव्हता.

"मावशी, धरायचा कसा?" त्यानं हळूच विचारलं.

घुमरीनं दाखवलं. दोनदा त्याच्याकडून सांडला. तिसऱ्यांदा तो जपून, पावलापावलानं पिंगीच्या दारापर्यंत गेला, आणि तेवढा वेळ त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.