पडद्याआडचा नैवेद्य

"…मग उणं कुठं पडतंय, माय? तेवढं सांगा, म्हणजे मी गप्प बसतो."

विश्वंभरचे हात जोडलेले होते. मान मात्र वाकलेली नव्हती.

बयामाय ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. एक शेंग फोडली, ती पोचट निघाली. त्यांनी टरफल बाजूला टाकलं.

"उणं आहे असं म्हणालं कोण?"

"मग छाटी?"

"ती काय, वाळतेय."

अंगणातल्या दोरीवर दीक्षेची भगवी छाटी फडफडत होती. आज चातुर्मास संपत होता. आज ती विश्वंभरच्या खांद्यावर पडायची होती आणि पडताना बघायला त्याची आई अर्धं गाव गोळा करून आली होती. बाकी होतं ते एवढंच, की गुरूनं 'हो' म्हणायचं. आणि गुरू सकाळपासून शेंगा सोलत होती.

नदीच्या वळणावरच्या या मठात मूर्ती नव्हती. गाभारा होता, त्यात खाटा होत्या. घरानं टाकलेली, हातपाय गेलेली, स्वतःचं नावही विसरलेली म्हातारी माणसं त्या खाटांवर असत. शिष्य व्हायला कुणी आला, की बयामाय त्याला एका खाटेपाशी नेऊन म्हणत, "हा तुझा देव. चातुर्मासभर पूजा कर."

पूजा म्हणजे न्हाऊ घालणं, हगणं-मुतणं काढणं, कूस बदलणं, भरवणं. पुष्कळांना आठवड्याच्या आत घरच्या देवाची आठवण येई.

विश्वंभर टिकला. नुसता टिकला नाही, गाजला. पिढ्यान्‌पिढ्या देवळातली पूजा करणारं घर त्याचं. त्याच्या वाट्याला आलेला देव म्हणजे हैबती तात्या. एके काळी नदीवर नाव चालवायचे. त्यांची हाक या काठावरून त्या काठाला जायची. मग लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

तात्या आले तेव्हा हाडांचा सापळा होते. आता गाल वर आले होते. अंगाला वास नव्हता, पाठीला जखम नव्हती. विश्वंभर त्यांना चंदन लावी, धोतराच्या निऱ्या मूर्तीला घालाव्यात तशा घाली. आज तर त्यांना ओसरीवर खांबाला टेकवून असं सजवलं होतं, की परगावच्या दोन बायकांनी त्यांच्यापुढं नारळ ठेवून नमस्कार केला होता.

तात्यांनी नारळाकडं बघितलं नव्हतं.

विश्वंभरचा खरा मान होता तो जेवणवेळेचा. तात्यांच्या खाटेभोवती त्यानं कड्यांचा पडदा बसवला होता. देव जेवताना कुणी बघायचं नसतं, ही त्याच्या घराण्याची रीत. कड्या खळ्‌कन वाजत, पडदा सरके, आतून 'प्राणाय स्वाहा'चा गोड सूर येई आणि थोड्या वेळानं विश्वंभर बाहेर येऊन स्वयंपाकघराच्या दारात वाटी पालथी करून दाखवी.

थेंब सांडत नसे.

बाकीच्या शिष्यांच्या वाट्या अर्ध्यामुर्ध्या परत येत. कुणाच्या सदऱ्यावर वरण, कुणाच्या बोटाला चावा.

"काय हो पुजारीबुवा," स्वयंपाकघरातल्या कौसामावशी विचारायच्या, "तुमच्या देवाला कधी 'आज नको' वाटतच नाही का? आमचा नवरा तर रोज ताटाला नाक मुरडतो."

"भाव लागतो, मावशी."

"लागत असेल बाई. आम्ही नुसतं मीठच घालतो."

कड्या वाजल्या, की तात्यांचा चांगला हात गोधडी घट्ट धरी. विश्वंभरला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. देवाला भूक लागली, असं तो म्हणे.

बयामायनी सूप बाजूला सारलं.

"विश्वंभरा, मला भूक लागलीय."

"ताट वाढायला सांगू?"

"तू भरव. तात्यांना भरवतोस तसं. मग छाटी घे आणि मोकळा हो."

त्या ओसरीवरच्या घोंगडीवर आडव्या झाल्या. उजवा हात पोटावर टाकला, जणू तो त्यांचा नव्हताच.

विश्वंभरच्या आईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. बघ आता, माझा विशू.

विश्वंभरनं पेजेची वाटी आणली, घरून आणलेली पूजेतली पळी आणली. इकडंतिकडं बघितलं.

"पडदा आणतो."

"पडदा नको."

"माय, देव उघड्यावर जेवत नाही."

"हा जेवतो."

लोक हसले. विश्वंभरही हसला. त्यानं मांडी घातली, बयामायचं डोकं आपल्या गुडघ्यावर घेतलं, पळी भरली.

"प्राणाय स्वाहा."

बयामायनी तोंड उघडलं नाही.

"घ्या, माय."

तोंड मिटलेलंच.

"गोड आहे. गूळ घातलाय."

बयामायनी मान वळवली. पेज हनुवटीवरून गळ्यात गेली. त्यानं ती पटकन पुसली, सफाईनं, चिमटीत धरलेल्या उपरण्याच्या पदरानं. पळी पुन्हा भरली. पुन्हा मान वळली.

"एवढी एक. माझ्यासाठी."

…

अंगणात कुणीतरी खोकलं. कुणीतरी दोरीवरच्या छाटीकडं बघितलं. विश्वंभरनं वाटीत बघितलं. वाटी भरलेली होती. आजवर त्याची वाटी भरलेली परत गेली नव्हती.

"प्राणाय स्वाहा," तो म्हणाला. जरा मोठ्यानं.

आणि त्याचा डावा हात खाली आला. दोन बोटांनी त्यानं बयामायचं नाक दाबलं.



बयामायच्या पायाची बोटं ताणली गेली. छाती वर उचलली. डोळे मोठे झाले. मग तोंड उघडलं, श्वासासाठी. आणि त्याच क्षणी, अगदी नेमकी, पळी आत गेली.

थेंब सांडला नाही.

विश्वंभरची दुसरी पळी भरूनही झाली होती, तेव्हा बयामायना ठसका लागला. साधा ठसका नव्हता तो. चेहरा काळानिळा पडला, घशातून घरघर निघाली. कौसामावशी परातीसकट धावल्या, परात कुठं पडली ते कुणी बघितलं नाही. त्यांनी बयामायना उठवून बसवलं, पुढं वाकवलं, पाठीवर थापा घातल्या. पेज बाहेर पडली. श्वास आत गेला… एकदा. मग दुसऱ्यांदा.

"विशू…" त्याची आई म्हणाली. "काय केलंस हे?"

"काय केलं?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं, मग आई जिकडं बघत होती तिकडं बघितलं. त्याचा डावा हात अजून हवेतच होता. दोन बोटं जुळलेली. मध्ये नाक नव्हतं, एवढंच.

तो त्या बोटांकडं बघत राहिला. दुसऱ्याच कुणाची असावीत तशी.

"मी… ते आपोआप… नाहीतर ते खातच नाहीत ना!" तो म्हणाला. आणि 'ते' म्हणताच त्याची जीभ जागच्या जागी थांबली.

आता कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं. सगळे त्याच्या पाठीमागं बघत होते.

विश्वंभर वळला.

खांबाशी, चंदन लावलेले, निऱ्यांच्या धोतरातले तात्या बसले होते. त्यांनी 'प्राणाय स्वाहा' ऐकलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. चांगल्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी स्वतःचं नाक स्वतःच दाबून धरलं होतं.

तोंड उघडं होतं. वाट बघत.

…

पळी पडली. तिचा आवाज फार वेळ फिरत राहिला.

त्या दोन बायकांनी आपला नारळ गुपचूप मागं घेतला. एक म्हातारा "शिव शिव" म्हणत खाली बसला. कौसामावशींनी तोंडात पदर कोंबला. इतके दिवस त्या याच वाटीची थट्टा करत होत्या.

विश्वंभर बयामायच्या पायावर कोसळला.

"हाकला मला, माय. आत्ता हाकला. मला वाटलं… मी रोज मंत्र म्हणत होतो हो!"

बयामायचा घसा बसला होता. शब्द घासत बाहेर आले.

"माझे पाय सोड. मी पण चार महिने वाटीच बघितली, त्यांचं तोंड नाही बघितलं."

"मी आता कुणाला हात लावणार नाही. तात्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी—"

"देव तुझा आहे. तोंड उघडं ठेवून बसलाय."

विश्वंभर उठला. ओसरी केवढीशी, पण तात्यांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. तो त्यांच्या समोर, खाली जमिनीवर बसला. वाटी मध्ये ठेवली.

"देवा," म्हणायला गेला. मग शब्द बदलला.

"तात्या…"

मिटलेल्या डोळ्यांच्या कडा हलल्या.

"तात्या, हात काढा. मी काही करत नाही."

तात्यांनी हात काढला नाही. उलट तोंड आणखी मोठं उघडलं. शहाण्यासारखं.

विश्वंभर रडू लागला. मग रडणंही थांबवलं, कारण त्या आवाजानं तात्यांची बोटं आणखी घट्ट होत होती. तो नुसता बसून राहिला. पळी त्यानं उचलली नाही. मंत्र म्हटला नाही.

लोक एकेक करून उठले. कुणी निरोप घेतला नाही. त्याची आई खांबाआड बसून राहिली. ओसरीवरचं ऊन पायरीवर उतरलं, पायरीवरून अंगणात गेलं. पेजेवर साय धरली.

केव्हातरी तात्यांचा हात दमला. नाकावरून घसरून मांडीवर पडला. नाकपुड्यांवर दोन पांढरे ठसे होते, ते हळूहळू लाल झाले. तात्यांनी डोळे उघडले. समोर तो बसलेला दिसला. पडदा नव्हता.

मग तोंड मिटलं.

विश्वंभरनं पळी उचलली, पुसली, भरली. त्यांच्या तोंडापासून दूर, दिसेल अशी धरली आणि तिथंच थांबला.

तात्यांनी पळीकडं बघितलं. त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डाव्या हाताकडं तर फार वेळ बघितलं.

विश्वंभरनं तो हात मांडीखाली घातला.

"अं… हं," तात्या म्हणाले. आणि मान वळवली.

मठात आल्यापासून तात्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. नदीपलीकडं जाण्याइतका तो मोठा नव्हता. ओसरीपुरता होता.

मांडीखालचा हात हलला. विश्वंभरला तो हलल्याचं कळलं. त्यानं सगळं वजन त्याच्यावर टाकलं.

"बरं," तो म्हणाला.

पळी वाटीत ठेवून तो उठला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मान खाली. वाटी भरलेलीच.

कौसामावशींनी वाटी घेतली, कशीबशी.

"सगळीच परत आणलीत?"

"नको म्हणाले."

कौसामावशींनी ती ओसरीवर बयामायपुढं नेऊन ठेवली, त्यांच्याकडं बघितलं. मग दोरीकडं. "आणि त्या छाटीचं काय करू? घडी घालून पेटीत टाकू?"

बयामायनी वाटी आपल्याकडं ओढली. सायीवर बोट टेकवून बघितलं. पेज गार झाली होती.

"चुलीशी झाकून ठेव. भूक लागली की ते मागतील."

मग त्यांनी पहिल्यांदाच विश्वंभरकडं वर मान करून बघितलं.

"आज नैवेद्य पोचला."