गोजराची उष्टी हळद

एका राज्यात कोणाच्याही चेहऱ्याचा रंग एकसारखा नव्हता. कुणाच्या कपाळावर काळी झाक, कुणाच्या हनुवटीवर पांढरा चट्टा, कुणाच्या गालावर करपलेल्या भाकरीसारखा डाग. लोक तोंडाला फडके बांधून बाजाराला जात आणि मान खाली घालून परत येत. कायम नितळ राहणारा चेहरा एकाचाच, राजा रत्नकेतूचा. त्याच्या खजिन्यात सोन्याची वाटी होती, वाटीत हळद होती, आणि कितीही घेतली तरी ती सरत नव्हती.

त्याच राज्यात गोजरा नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ सटवा राहत. आईबाप नव्हते, म्हशी होत्या. सटवा मोठा घाईचा. दावे सुटेना की तोडायचा, दूध येईना की म्हशीवर ओरडायचा. गोजरा म्हणायची, "हळू रे, माझ्या वाघा."

गोजराच्या गालांवर अजून डाग उमटला नव्हता. राजाने तिला नदीवर पाहिले आणि मागणी घातली. तिथली रीत अशी की हळद आधी नवऱ्याला लागे आणि उरलेली उष्टी हळद नवरीकडे येई. वाड्यावरच्या बायका ताट घेऊन दारात आल्या, आणि त्याच घटकेला गोजराच्या उजव्या गालावर आंब्याच्या पानाएवढा डाग उमटला. बायकांनी तो पाहिला. ताट उंबऱ्यावरूनच परत गेले.

गोजराने दार लावून घेतले. खापराने गाल घासला, वर चुना चोळला. सटवाने दारावर डोके आपटले, पण तिने त्याला गाल पाहू दिला नाही, हातही लावू दिला नाही. गाल चिघळला, ताप चढला आणि गोजरा गेली.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. सटवाने हात जोडले. मग शिव्या दिल्या. मग ढेकूळ उचलले.

"ठेव ते खाली," कावळा म्हणाला. "मला मारून बहीण जेवणार आहे का?"

"मग शिव की मेल्या! काय राहिलंय तिचं?"

"उष्टी हळद राहिलीय."

"आणतो. राजाची मुंडी मुरगळून आणतो."

"आण. आणि खजिन्याच्या दारात मरून पड. मग तुझ्या पिंडाला कोण शिवणार, मीच ना? त्या वाटीला शाप आहे, बाबा. आधी वनजाईला भेट."

वनजाई ही डोंगरापलीकडची चेटकीण. तिच्या रानात झाडे बोलत आणि दगड ऐकत. सटवाने रामराम न करताच विचारले, "त्या वाटीचं काय आहे?"

"वाटी माझी," ती म्हणाली. "साऱ्या राज्याला पुरावी म्हणून घडवली होती. राजाने ती एकट्यासाठी नेली. मी शाप दिला, तुझा डाग जाईल, पण दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसेल. तुझ्या बहिणीच्या गालावर राजाचा डाग होता."

"शाप राजाला दिलास आणि भोगलं माझ्या गोजराने!"

वनजाईने मान खाली घातली. "खरं आहे. दिलेला शाप मला मागे घेता येत नाही. तुला मोडता येईल. हळदीचा कंद आण, चंदन उगाळ, आणि तो लेप तुझ्या हाताने राजाच्या गालाला लाव. हातात राग असला तर लेपाचा निखारा होईल."

कंदाभोवती नाग वेटोळे घालून बसला होता. सटवाने काठी उगारली, तसे नागाने एक वेटोळे वाढवले. काठी खाली ठेवली, तसे ते सुटले. सटवा बसून राहिला. ऊन आले, गेले. शेवटी नाग म्हणाला, "आता ने," आणि बिळात गेला.

वनजाईची चंदनाची सहाण जोर केला की गुरगुरे आणि उगाळलेले सारे गिळून टाके. सटवाने तिला तीनदा शिव्या घातल्या, तिने तीनदा गिळले. मग तो गोजराने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा खोड फिरवू लागला. सहाण गप्प झाली. वाटीभर गंध उतरले, त्यात कंद उगाळून लेप झाला.

राहिले तिसरे काम. राजवाड्याबाहेर दवंडी फिरत होती की राजाच्या गालावर डाग पडला आहे, जो घालवील त्याने आत यावे. गोजरा गेली त्याच दिवशी डाग आपल्या धन्याकडे परतला होता आणि सोन्याच्या वाटीतल्या हळदीचा दगड झाला होता.

सटवा आत गेला. कमरेला त्याने गोजराचे खापर खोचले होते. का, ते त्याने कावळ्यालाही सांगितले नव्हते.

राजा म्हणाला, "घास. चांगला जोर लावून घास. कातडं निघालं तरी चालेल."

सटवाचा हात खापरावर गेला. मग त्याला डाग दिसला. उजवा गाल, आंब्याच्या पानाएवढा. जो गाल बहिणीने त्याला पाहू दिला नव्हता, तो हा असा त्याच्यासमोर होता.

त्याने खापर खिडकीबाहेर भिरकावले.

"आधी ढेकूळ, आता खापर!" बाहेरून कावळा ओरडला.

सटवाने बोटांवर लेप घेतला आणि गोजराच्याच गालाला लावावा तसा हळू लावला. निखारा झाला नाही. लेप गार राहिला.

"घासत का नाहीस?" राजाने विचारले.

"घासून माझी बहीण गेली, महाराज. गोजरा तिचं नाव."

राजा आसनावरून उठला. मग म्हणाला, "ते ताट परत आलं तेव्हा मी काहीच बोललो नाही."

"नाही बोललात."

"उरलेला लेप कुणाचा?"

"रीत तुम्हाला ठाऊक आहे."

राजाने उरलेला लेप ताटात घेतला आणि ताट स्वतः उचलले. गालावर डाग आणि डागावर पिवळा लेप, असा तो उघड्या तोंडाने, अनवाणी भर बाजारातून निघाला. लोकांनी पाहिले. एका म्हातारीने आपले फडके सोडले, मग शेजारणीने, मग साऱ्यांनी. खजिन्यातली सोन्याची वाटी तडकली, तिचा आवाज नदीपर्यंत आला.

सटवाने भाताचा नवा पिंड मांडला. राजाने गुडघे टेकून त्याला हळदीचे बोट लावले. कावळा उतरला. त्याने मान वाकडी करून सटवाकडे पाहिले आणि पिंडाला चोच मारली. सटवा तिथेच वाळूत बसून मोठ्याने रडला, आणि कुणी त्याला उगी म्हटले नाही.

ताटातली हळद लोकांनी एकमेकांच्या गालांना लावली, मग स्वतःच्या. डाग एका दिवसात गेले नाहीत. रोज थोडा लेप, हलका हात, डोक्यावर सावली, असे करता करता ते फिके झाले. काहींचे राहिलेही. फडके मात्र पुन्हा कुणी बांधले नाही. राजाने वनजाईचा कंद गावोगावच्या बांधांवर लावला आणि दरवर्षी पहिली हळद तो दुसऱ्याच्या गालाला लावू लागला.

सटवा घरी आला. दाव्याची गाठ घट्ट बसली होती. तो खाली बसला आणि ती हळूहळू सोडवू लागला. म्हैस वळून बघत राहिली.

हळद जिची तिला पोचली, राज्याचे तोंड उघडे झाले, आणि सांगणाऱ्याचे ताट इथे रिकामे झाले.