भाग गेला, गेलं काय?

"कुणीतरी आम्हाला फोडलं, बुवा. कोण, तेवढंच सांगा."

प्रणीत टेकडीवरच्या मठात धापा टाकत आला होता. चपला काढायचंही भान नव्हतं.

निरंजनबुवांनी डोळे मिटले. मठात येण्याआधी तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. प्रणीतलाही.

"आधी चपला," ते म्हणाले.

त्याने त्या पायरीवर भिरकावल्या.

"आम्ही सातजणांनी वीटभट्टीवरच्या पोरांसाठी शाळा काढली. ना अध्यक्ष, ना चिटणीस. दारावर पाटी लावली, १११११११. सात एक, खांद्याला खांदा लावून. आता तिघं वेगळे झालेत. पंधरा दिवस कुलूप आहे. पोरं येतात, कुलूप हलवून बघतात आणि जातात."

"पाटीवर हाच आकडा का?"

"याला कशानेच भाग जात नाही म्हणून! शंभरापर्यंतच्या सगळ्या आकड्यांनी भागून पाहिलं होतं."

"शंभरावर का थांबलात?"

"…खात्री झाली होती."

बुवांनी शेगडीतला विझलेला कोळसा उचलून त्याच्या हातात दिला.

"दोनशे एकोणचाळीस."

प्रणीत ओसरीच्या फरशीवर बसून भागू लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी… शेवटी वर २१५१ आणि खालीही २१५१. भागाकार ४६४९. बाकी शून्य.

तो त्या शून्याकडे बघत राहिला.

"हा दोनशे एकोणचाळीस त्यात शिरला कधी?" बुवांनी विचारलं.

"शिरला नाही… पहिल्या दिवसापासून होता."

"मग शोधतोयस कुणाला?"

खाली दूरवर भट्टीचा धूर सरळ वर चढत होता.

"म्हणजे पाटीच खोटी," प्रणीत म्हणाला. आवाजातली धग गेली होती, नुसता थकवा उरला होता. "आजच उतरवतो."

"उतरव. पण भाग गेला म्हणतोस ना… त्यातलं गेलं काय?"

प्रणीतने कोळसा पुन्हा उचलला. ४६४९ गुणिले २३९. सातही एक फरशीवर परत उभे राहिले.

"काहीच नाही…"

बुवांनी भिंतीला पाठ टेकली. बोलायचा त्यांनाही कंटाळा आला असावा.

तेवढ्यात मठात रांधणारी गौराक्का पदराला हात पुसत बाहेर आली. फरशी बघून तिने कपाळावर हात मारला.

"सकाळी त्या तिघांनी मागची ओसरी काळी केली, आता यानं ही! अजून तिथंच बसलेत बघा, तोंडं पाडून. बुवा, पानं दोन्हीकडं मांडू, का एकाच जागी?"