धुळ्याचं पाहुणं पात्र

एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गडी होता. भोळा हे लोक तोंडावर म्हणायचे. पाठ फिरली की दुसरा शब्द वापरायचे. त्याचं नाव धुळा.

धुळा अंगानं रेड्यासारखा. कामाला कधी मागं नाही. पण सांगितलेलं जसंच्या तसं करायचा, हीच त्याची खोड. आई म्हणाली, "धुळ्या, दुधावर नजर ठेव," की हा चुलीपुढं बसायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. हा बघतच बसायचा. वर म्हणायचा, "आई, नजर जरासुदिक हलवली न्हाई."

आता असल्याच्या हातात कुणीतरी फोन दिला. त्यात 'जितराब' नावाचा खेळ होता. काचेतल्या रानात हिंडायचं, जाळं टाकून राक्षसासारखी जितराबं धरायची, त्यांना खाऊ घालायचं, वाढवायचं. दावणीला खरी म्हस हंबरतीय आणि हा काचेतलं जितराब राखतोय. काय बोलायचं?

बाकीच्यांनी ढीगभर जितराबं धरली. धुळ्यानं एकच धरलं. मुठीएवढं, हिरवं, दोन शिंगांचं. खेळात लिहिलं होतं, 'भूक लागली की खाऊ घाला.' धुळा त्याला विचारायचा, "भूक लागली का रं?" ते काय बोलणार? नाही म्हणालं नाही म्हणून धुळा भाकरी घालायचा. उठला की घालायचा, निजताना घालायचा. जितराब फुगलं. पाय दिसेनात, शिंगं आत गेली. धुळ्यानं नाव ठेवलं टम्म्या. असलं जितराब साऱ्या खेळात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, कारण एवढा रिकामा दुसरा कुणी नव्हता.

टम्म्याच्या खाली दोन बटणं. एक 'खाऊ घाला' आणि एक 'सोडा'. सोडा दाबलं की जितराब रानात पळायचं ते पुन्हा कधी सापडायचं नाही. चुकून बोट जाऊ नये म्हणून धुळ्यानं आईची टिकली आणून त्या बटणावर चिकटवली होती. तेवढं शहाणपण त्याच्याकडं होतं. होतं तेवढं तिथंच खर्ची पडलं.

एक दिवस खेळात मजकूर आला. 'जितराब हा खेळ दसऱ्याला बंद होईल. सगळी जितराबं पुसली जातील. मात्र आमच्या खडाखडी या मारामारीच्या खेळात दुसऱ्या खेळातलं एक पाहुणं पात्र घ्यायचं आहे. तुमचं पात्र सुचवा. निवडलेलं पात्र कायम राहील. पात्र घेऊन शहरातल्या कचेरीत या.'

धुळ्यानं बोट लावून लावून वाचलं आणि भाकरी तशीच ठेवून उठला.

आई म्हणाली, "काय झालं रं?"

"आई, टम्म्याला पुसणार म्हणत्यात."

"कशानं?"

"फडक्यानं असंल. न्हाईतर पात्र घिऊन कचेरीत या म्हणत्यात."

"मग जा की. पात्र घिऊन या म्हणत्यात न्हवं? घिऊन जा."

पाहुणं पात्र. धुळ्यानं घरभर बघितलं. पाहुणे आले की आई माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढायची. ते त्यानं चिंचेनं घासलं, डोक्यावर घेतलं आणि एसटीत बसला.

कचेरीत ऋजुता मॅडम म्हणून एक बाई होत्या. शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, गरीब स्वभावाच्या. पात्र कुठलं घ्यायचं ते त्या ठरवणार होत्या. लोक आपापले फोन दाखवत होते. कुणाचं जितराब जाळ काढायचं, कुणाचं वीज पाडायचं. धुळ्याची पाळी आली. त्यानं पातेलं टेबलावर ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "हे काय?"

"पात्र."

"हे लढणार?"

"हे कशाला लढंल? ह्यात बासुंदी करत्यात."

सगळी कचेरी हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो दादा, पात्र म्हणजे भांडं नव्हे. ज्याला चेहरा आहे, हातपाय आहेत, स्वभाव आहे, ते पात्र. तुमच्या जितराबाचं नाव काय?"

"टम्म्या."

"मग पुन्हा या. आणि टम्म्याचे डाव घेऊन या. डाव नसतील तर खडाखडीत घेता येणार नाही."

धुळा एसटीत घोकत आला. चेहरा, हातपाय, स्वभाव. चेहरा, हातपाय, स्वभाव.

गावात उतरला तर सरपंचाच्या घरी बारशाची पंगत बसलेली. आचाऱ्यानं त्याला बघितलं आणि हाक मारली, "धुळ्या, बरं झालं आलास! पात्रं उचल लवकर, दुसरी पंगत बसायचीय."

आता आचारी म्हणत होता उष्ट्या पत्रावळींबद्दल. धुळ्यानं पंगतीवरून नजर फिरवली. कडेला आप्पा वस्ताद मठ्ठा पीत बसले होते. तालमीचे वस्ताद. चेहरा होता, मिशीसकट. हातपाय होते. स्वभाव तर साऱ्या गावाला ठाऊक होता. धुळ्यानं त्यांच्या काखेत हात घातले, उचललं, परड्यात नेलं आणि पत्रावळींच्या ढिगावर ठेवलं. कुत्री बाजूला सरली.

"आरं रेड्या!" वस्ताद ओरडले. मठ्ठ्याचा पेला अजून हातात होता. "उभ्या जन्मात मला कुणी उचललं न्हाई!"

"तुमी पात्र हायसा, वस्ताद."

"पात्र म्हंजी पान! जेवायचं पान! आणि ध्येनात ठेव, असल्या शब्दाचा अर्थ सैपाकघरातला घ्यायचा. भांड्याकुंड्याचा!"

"भांड्याकुंड्याचा," धुळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कचेरीत हजर.

मॅडम म्हणाल्या, "डाव आणलेत?"

"एकच हाय घरात." धुळ्यानं शर्टाच्या आतनं आईचा डाव काढला. भात वाढायचा, लांब दांड्याचा. दांड्याला शीत चिकटलं होतं ते त्यानं खाऊन टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दादा, हा नव्हे. कुस्तीतला डाव. तो समोरच्याच्या ध्यानीमनी नसताना टाकायचा. टाकला की समोरचा उताणा पडला पाहिजे. कळलं?"

"ध्यानीमनी नसताना. उताणा."

"आणि आता भांडी आणू नका. टम्म्यालाच आणा. परवा दसरा आहे. उद्या शेवटचा दिवस, त्यानंतर मलाही काही करता येणार नाही."

हे ऐकून धुळा तडक निघाला. वाटेत त्यानं फोन काढून टम्म्याला भाकरी घातली. टम्म्यानं खाल्ली आणि झोपला. त्याला काय माहीत परवा काय आहे ते.

घरी आला तर सोप्यात आप्पा वस्ताद बसलेले. बारशाची तक्रार घेऊन आले होते. आईनं हातापाया पडून त्यांना जेवायला बसवलं होतं. "वस्ताद, लेकराच्या मनात काय नसतंय ओ. जेवूनच जावा." वस्तादांचा राग आमटीच्या वासानं निम्मा गेला होता.

आई आतून म्हणाली, "धुळ्या, आलास व्हय? आमटीत डाव टाक आणि वस्तादांना वाढ."

धुळा दारात थांबला. आमटीचं पातेलं वस्तादांच्या पुढ्यात होतं. वाफ निघून गेली होती. धुळा भिंतीकडं बघत, शीळ घालत, कडेकडेनं पातेल्याच्या मागं गेला. वस्ताद म्हणाले, "हे येडं काय करतंय?" तेवढ्यात धुळ्यानं पातेल्याला मिठी मारली, गिरकी घेतली आणि पातेलं आपटलं. उताणं नव्हे, पालथं. वस्तादांच्या मांडीवर.

वस्तादांच्या मिशीवरनं कढीपत्त्याचं एक पान खाली आलं.

धुळा म्हणाला, "आमटीच्या ध्यानीमनी न्हवतं, वस्ताद."

आईनं कपाळावर हात मारला. वस्ताद उठले. ओरडले नाहीत. ओरडायचं माणूस केव्हा सोडून देतं, ते असल्या वेळी. ते हळू आवाजात म्हणाले, "धुळ्या, चूक माझी. मी तुला अर्थ लावाय सांगितला. आता हितनं पुढं अर्थ लावायचा न्हाई. पात्र न्हाई, डाव न्हाई, काय न्हाई. समोरचा जे म्हणंल ते, जसं म्हणंल तसं, तिथल्या तिथं करायचं. इचार करायचा न्हाई."

"आणि मनात काय आलं तर?"

"येऊ द्यायचं न्हाई."

"घे माझी शपथ," आई म्हणाली.

धुळ्यानं शपथ घेतली.

शेवटच्या दिवशी तो फक्त फोन घेऊन गेला. मॅडमनी आधी त्याचे हात बघितले, मग शर्टाच्या आत काही आहे का ते विचारलं. मग टम्म्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दादा, हे असं जितराब मी कुठंच पाहिलं नाही. हा लढतो कसा?"

"त्यो लढत न्हाई."

"मग?"

"बसतो."

"कुठं?"

"म्होरं असंल त्याच्यावर. मग म्होरचा उठत न्हाई."

मॅडमनी आपली माणसं बोलावली. त्यांनी तारा जोडल्या आणि खडाखडीतला पहिल्या नंबरचा गडी टम्म्यासमोर सोडला. आठ हातांचा होता. प्रत्येक हातात काहीतरी. तो नाचला, गरजला, टम्म्याला बुक्क्या मारल्या. बुक्की आत जायची आणि हात परत निघायचा नाही. आठही हात अडकले. मग टम्म्यानं जांभई दिली, गड्यावर बसला आणि झोपला. गडी खालून धडपडत राहिला. शेवटी यंत्रच म्हणालं, टम्म्या विजयी.

कचेरीनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या दिवशी हसलेलेही वाजवत होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून हसून आलं असेल, पण आलं.

"ठरलं! पाहुणं पात्र टम्म्या! आमची माणसं आत्ता त्याला तुमच्या फोनातून खडाखडीत घेतील. आता तो कधीच पुसला जाणार नाही."

धुळा मटकन खालीच बसला. "कदीच न्हाई?"

"कधीच नाही. आता तुम्ही निर्धास्त व्हा. पुढचं सगळं आमच्यावर सोडा."

धुळ्याच्या मनात काहीतरी यायला लागलं. त्यानं येऊ दिलं नाही. फक्त एकदा विचारून घेतलं.

"सोडू?"

"हो, सोडा ना."

"तुमच्यावर?"

"आमच्यावरच. काळजी करू नका."

धुळ्यानं नखानं टिकली उचकटली. ती कुठं ठेवावी सुचेना म्हणून मनगटावर चिकटवली. बटण दाबलं. काचेवर मजकूर आला, खाली 'हो' आणि 'नाही'. त्यानं बोट लावून वाचला आणि मान वर केली.

"मॅडम, परत येणार न्हाई म्हणतंय."

मॅडम कागदावर टम्म्याचं नाव लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "परत यायची काही गरजच नाही, दादा."

मग धुळा उठला. टेबलाला वळसा घालून मॅडमच्या मागं गेला. फोन त्यांच्या डोक्यावर धरला, नीट मधोमध, आणि टम्म्याला म्हणाला, "जा बाळा. शानी बाई हाय." आणि 'हो' दाबलं.

काचेत टम्म्या एकदा वळला. एवढ्या दिवसांत त्याचे पाय पहिल्यांदा दिसले. तुरुतुरु गवतात गेला. गवत हललं आणि थांबलं.

तारा घेऊन आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, ह्यात काही नाही."

"म्हणजे? टम्म्या कुठं गेला?"

"तुमच्यावर सोडला की," धुळा म्हणाला. "भाकरी येळंवर घाला. मान हलवू नका मातर. त्यो झोपला असंल."

तो पाया पडून निघून गेला. एसटीत शीळ घालत बसला. घरी आईला म्हणाला, आपला टम्म्या मार्गी लागला.

आणि कचेरीत ती एवढी शिकलेली बाई दिवे मालवेपर्यंत खुर्चीत ताठ बसून होती. मान म्हणून हलवली नाही.