उतरणीवरची काथ्याची चटई

वस्तूंना वाचा होती त्या काळी एक लॉरी घोडे वाहून न्यायची. घोडे चढायचे ती तिची फळी झिजून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. आदल्याच दिवशी एका घोड्याने तिच्यावर घसरून गुडघे फोडून घेतले होते. आता पाळी गंगी घोडीची होती, आणि ती गाभण होती.

"फळीवर काहीतरी अंथरा, नाहीतर मी पाऊल टाकायची नाही," गंगीने बजावलं.

"माझ्यावरून नवरदेव चालतात, बाई!" लाल गालिचा पुढे सरसावला.

"मी वर्षानुवर्षं झिजत नाही," काळं, गुळगुळीत रबर म्हणालं.

दारातली काथ्याची चटई मात्र आपल्या जागीच पडून राहिली.

कोरड्या फळीवर दोघेही आळीपाळीने अंथरून झाले. गंगी दोन्ही वेळा आरामात चढली.

"मग गालिचाच घेऊ, शोभून दिसतो," लॉरी घाईने म्हणाली.

"थांब. कोरड्यात चढताना सगळेच चांगले वाटतात. पाणी ओता, आता मला उतरायचंय."

बादली कलंडली. गंगीने जपून एक खूर टेकवला. ओला गालिचा शेवाळासारखा निसटला. रबरावरून तर खूर सर्रकन सुटला. तिने वेळीच पाय मागे घेतला आणि चटईकडे पाहिलं.

"माझ्यावर लोक नुसते पाय पुसतात," चटई पुटपुटली.

"मग पायांची जाण तुलाच असणार. ये!"

चटई अंथरली, भिजवली. गंगी उतरू लागली. ऐन उतरणीवर, मधोमध, ती मुद्दाम थांबली आणि मान उंचावून अशी खिंकाळली की सारं आवार दणाणलं.

आता तिला ओल्या उतरणीवरही न घसरता थांबता येत होतं.