दोन शिंगांची खिंड

एका राज्यात, अगदी सीमेवर, एक खिंड होती आणि खिंडीला काळ्या पाषाणाचा दरवाजा होता. दोन शिंगं एकदम वाजली तरच तो मिटे. एक शिंग इथल्या गजकेतू राजाकडे, दुसरं शेजारच्या भीमरथ राजाकडे. पुढे तहनाम्यात नाव वर कुणाचं यावरून दोघे म्हातारे रुसले, शिंगं पेटीत गेली. मग वीस वर्षांनी खिंडीपलीकडच्या दैत्यांच्या मांत्रिकानं शाप टाकला: दार उघडं राहील तोवर खिंडीचा पहारेकरी दगड होत जाईल.

खिंडीतली एक टिटवी पहारेकऱ्याच्या बहिणीच्या, मृगावतीच्या, अंगणात उतरली. "तुझा भाऊ धवल गुडघ्यापर्यंत दगड झाला. तिसऱ्या दिवशी गळा. मग दैत्य आत."

मृगावती दरबारात गेली.

"प्रश्न नाजूक आहे, पोरी," गजकेतू म्हणाला. "विचारविनिमय चालू आहे."

"वीस वर्षं, महाराज?"

"अटी त्याच्या आहेत. त्यालाच विचार."

भीमरथाची पहिली अट: नाव माझं वर. तिनं भांडून तसा कागद आणला. धवल कमरेपर्यंत दगड. दुसरी अट: लढाईत नेलेलं छत्र परत. तिनं तेही आणलं. दगड छातीला भिडला. तिसरी अट: गजकेतूनं खिंडीत पायी यावं.

"तुम्ही घाबरता, असं ते म्हणतात," ती भर दरबारात खोटं बोलली. म्हातारा गजकेतू ताडकन उठून चालू लागला.

खिंडीत दोन्ही राजे आपापल्या सैन्यासह समोरासमोर आले. पलीकडे दैत्यांची धूळ दिसत होती.

"फुंका आता," मृगावती म्हणाली.

गजकेतू आभाळाकडे बघू लागला. भीमरथ म्हणाला, "मुहूर्त पाहायला हवा."

"कसला मुहूर्त?" टिटवी म्हणाली. "दोघांच्या छातीत वारा उरलेला नाही. शिंग सोडा, चूलसुद्धा फुंकवत नाही."

नाव, छत्र, पायी येणं. मृगावतीला सगळं एकदम कळलं.

"मग दुसऱ्या कुणाला का दिलं नाही?"

"दिलं असतं तर लोकांना समजलं असतं," गजकेतू पुटपुटला.

हिसकावलेलं शिंग वाजत नसे. तिनं नुसता हात पुढे केला. धवलच्या गळ्याशी दगड पोचला होता, डोळे तेवढे हलत होते.

"माझ्याच्यानं होत नाही," दोन्ही सैन्यांदेखत गजकेतू म्हणाला, आणि शिंग तिच्या हातात ठेवलं. भीमरथानं मान खाली घालून आपलं शिंग आपल्या सैन्यातल्या एका पहारेकरणीला दिलं.

दोघींनी एकदम फुंकलं. दार मिटलं. धूळ पलीकडेच राहिली. धवलच्या अंगावरून दगडाच्या खपल्या गळून पडल्या.

"इतका उशीर का गं, ताई?"

"त्यांना विचार."

तेव्हापासून शिंगं खिंडीतच टांगलेली असतात. ज्याच्या छातीत दम, त्यानं फुंकावं. तहनाम्यात दोन्ही राजांची नावं आता शेजारी शेजारी आहेत. वाचायला कुणी जात नाही.